जंगम मालाची खरेदी-विक्री : कागद आणि कब्जा

घर किंवा प्लॉट घ्यायचा असेल तर आपला माणूस दहा ठिकाणी विचारपूस करतो. जुने दस्त काढतो, वकील गाठतो, रजिस्ट्रार कचेरीत अर्धा दिवस बसतो. तोच माणूस लूम, टेम्पो, शिलाई मशीन, कपड्याचा स्टॉक किंवा दागिना घेताना चहाच्या टपरीवर सौदा करून मोकळा होतो. आमच्या कापडाच्या धंद्यात तर माणसाची उभी कमाई जमिनीत कमी आणि यंत्रात व मालात जास्त गुंतलेली असते. म्हणून जंगम मालमत्तेची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते आणि त्यासाठी कोणता कागद लागतो, याविषयी आज लिहीत आहे.

मध्यंतरी मोमिनपुऱ्यातला एक तरुण दुकानावर आला. त्याने कामठीच्या एका कारखानदाराकडून चार जुने यंत्रमाग घेतले होते. एक लाख ऐंशी हजार रुपये बँकेमार्फत देऊन झाले होते. हातात पाचशेच्या स्टँपवर टाईप केलेला, नोटरीचा शिक्का असलेला कागद होता. मथळा इंग्रजीत, 'बिल ऑफ सेल'. अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाने मोबाईलवर नमुना पाठवला होता, त्यावरून केलेला. त्याने विचारले, "चाचा, कागद पक्का आहे ना?" मी कागद वाचला आणि विचारले, "लूम कुठे आहेत?" तो म्हणाला, "त्यांच्याच शेडमध्ये आहेत. आमच्या शेडचे पत्रे चढायचे आहेत. पंधरा दिवसांत आणतो." मी म्हणालो, "बेटा, कागद बरा आहे. लूम आजच आण."

त्याला माझे म्हणणे पटले नाही. पैसे दिले, स्टँप घेतला, नोटरी केली, आता आणखी काय राहिले, असा त्याचा प्रश्न होता. पुष्कळांचा हाच गैरसमज असतो, म्हणून थोडा कायदा पाहू.

आपल्याकडे मालाच्या विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे, माल विक्री अधिनियम. पैसा आणि येणे रकमेचा हक्क सोडून प्रत्येक जंगम वस्तू या कायद्याने 'माल' ठरते. त्याच्या ५ व्या कलमाप्रमाणे विक्रीचा करार लेखी होऊ शकतो, तोंडी होऊ शकतो, किंवा दोघांच्या वागण्यावरूनही सिद्ध होऊ शकतो. म्हणजे लूम विकण्यासाठी स्टँप पेपर लागतोच असे नाही. नोंदणीची सक्तीही नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात जंगम मालाच्या दस्ताची नोंदणी ऐच्छिक आहे. नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी त्या माणसाने सही केली. विकणारा खरोखर मालक होता की नाही, हे नोटरी सांगत नाही. आणि जो मालकच नाही त्याच्याकडून घेणारा मालक होत नाही, हा २७ व्या कलमाचा नियम आहे. मोजके अपवाद सोडले तर त्यापुढे कितीही महागडा स्टँप चालत नाही.

मी उर्दू माध्यमात शिकलो. आमच्या घरात अशा कागदाला बयनामा म्हणत. विक्रीखत हा शब्द दुकानात बसू लागल्यावर कळला. कागद बाळगण्याची शिकवण मात्र घरातच मिळाली होती. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यापाराला लिहिण्याची सूट आहे, पण सौदा करताना साक्षीदार ठेवा, असेही तिथेच सांगितले आहे. लेखी कागदाची सक्ती नाही पण पुरावा हवा, हीच भूमिका पुढे सरकारी कायद्यातही दिसते.

'बिल ऑफ सेल' हे नाव आले इंग्लंडहून. तिथे १८७८ आणि १८८२ साली त्यासाठी खास कायदे झाले. कारण असे की कर्जबाजारी लोक घरातले सामान कागदावर विकत किंवा गहाण टाकत आणि सामान स्वतःच्याच घरात ठेवत. बाहेरच्या सावकाराला वाटे की माल याचाच आहे. म्हणून तिथे अशा कागदाची सरकारदरबारी नोंद करण्याची सक्ती झाली. आपल्याकडे साध्या विक्रीच्या कागदासाठी अशी नोंदवही नाही. म्हणून तिकडचा नमुना इकडे उतरवला की कागद रुबाबदार दिसतो, पण माल विकणाऱ्याच्या घरात राहिला तर त्या कागदाची खबर जगाला कुठूनच मिळत नाही.

आता त्या तरुणाचा खरा धोका सांगतो. त्याच कायद्याच्या ३० व्या कलमात असे आहे की, विकलेला माल विकणाऱ्याच्याच ताब्यात राहिला, त्याने तो दुसऱ्या कुणाला विकून उचलून दिला, आणि त्या दुसऱ्याने पहिल्या सौद्याची खबर नसताना प्रामाणिकपणे घेतला, तर दुसरा खरेदीदार मालक ठरतो. पहिल्याच्या हातात नोटरीचा कागद आणि विकणाऱ्यावर पैशाचा दावा, एवढेच उरते. आमच्याकडे जुने लोक म्हणतात, कब्जा सच्चा, दावा झूठा. कायदा अगदी असे म्हणत नाही, पण या एका कलमापुरते म्हणण्यात तथ्य आहे.

दुसरा धोका याहून बारीक आहे. ठरलेला, तयार माल असेल तर सौदा झाला त्याच क्षणी मालकी घेणाऱ्याकडे जाते, पैसे नंतर द्यायचे असोत की माल नंतर उचलायचा असो. हे २० वे कलम. आणि मालकी ज्याची, नुकसान त्याचे, हे २६ वे. म्हणजे त्या पंधरा दिवसांत कामठीच्या शेडला आग लागली असती तर जळालेले लूम याचे ठरले असते. पण विकणाऱ्याने लूम खोलून, गाडीत चढवून द्यायचे असे ठरले असेल, तर २१ वे कलम लागते. ते काम पूर्ण होऊन घेणाऱ्याला तशी खबर मिळेपर्यंत मालकी सरकत नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असाच खटला झाला. तीस टनांचे एक इंजिन फरशीत बोल्टने पक्के केलेले होते. विकणाऱ्याने ते काढून रेल्वेत चढवून द्यायचे होते. चढवताना ते मोडले. कोर्ट म्हणाले, मालकी अजून विकणाऱ्याचीच होती, नुकसान त्याने सोसावे. तेव्हा लूमच्या सौद्यात बोल्ट कोण खोलणार, ही मजुरीच्या शे-दोनशे रुपयांची गोष्ट नाही. ते कागदावर लिहिले पाहिजे. आमच्या तरुणाच्या कागदात त्याविषयी एक अक्षर नव्हते.

बोल्टवरून आणखी एक प्रश्न निघतो. फाउंडेशनवर बसवलेला लूम जंगम की स्थावर? सुप्रीम कोर्टापुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असे दोन मामले आले. एक सिरपूर पेपर मिल्सचा. बल्लारशाहच्या पुढे रेल्वेने जाताना कागजनगर लागते, तिथली ही गिरणी. यंत्र हादरू नये एवढ्यासाठीच काँक्रीटवर बसवले आहे, ते काढून विकता येते, म्हणून ते जंगम, असे कोर्टाने एक्साईजच्या संदर्भात ठरवले. दुसरा डंकन्स इंडस्ट्रीजचा. उत्तर प्रदेशातला खताचा अख्खा कारखाना कायमचा चालवायच्या हेतूने जमिनीत रोवलेला होता, तो चालू स्थितीतच विकला गेला. तो स्टँप ड्यूटीसाठी स्थावर ठरला. थोडक्यात, चार लूम खोलून नेले तर जंगम मालाची विक्री. शेड, जमीन, लूम असे सगळे उभ्या उभ्या घेतले तर मामला वेगळा. तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये.

कागदात काय लिहावे? दोघांची नावे, पत्ते, तारीख, रक्कम, पैसे कोणत्या मार्गाने दिले, हे तर सगळेच लिहितात. नेमके राहून जाते ते मालाचे वर्णन. 'चार लूम विकले' या वाक्याला काही किंमत नाही, कारण शेडमध्ये चोवीस लूम उभे असतात. प्रत्येक लूमची बनावट, फणीची रुंदी, फ्रेमवरचा नंबर, मोटरची ताकद आणि मोटरचा नंबर वेगवेगळा लिहावा. सोबत बीम किती, धोटे किती, डॉबी आहे की नाही, हेही. नंबर घासून गेला असेल तर फोटो काढून त्यामागे दोघांनी सह्या कराव्यात. मग विकणाऱ्याकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : माल माझ्या मालकीचा आहे, त्यावर बँकेचे किंवा कुणाचेही तारण नाही, आणि मी आज अमुक वाजता माल ताब्यात दिला. शेवटच्या ओळीला आम्ही ताबा पावती म्हणतो. पन्नास ओळींच्या कागदात हीच एक ओळ सर्वांत महत्त्वाची. साक्षीदार दोन, त्यांतला एक तरी माल उचलताना हजर असलेला. विजेचे मीटर लूमबरोबर येत नाही, त्याचा अर्ज वेगळा.

माल तिसऱ्याकडे पडलेला असेल, जसे प्रोसेस हाऊसमध्ये रंगाईला गेलेले थान किंवा गोदामात ठेवलेल्या गाठी, तर विकणाऱ्याने चिठ्ठी देऊन भागत नाही. ज्याच्याकडे माल आहे त्याने घेणाऱ्याला कबुली दिली पाहिजे की आता हा माल मी तुमच्या वतीने ठेवला आहे. ३६ व्या कलमाप्रमाणे त्याशिवाय ताबा दिला असे होत नाही. गांधीबागेत असे सौदे फोनवर होतात आणि बहुधा निभावतातही. पण प्रोसेस हाऊसचे बिल थकले असले की तो माल सोडत नाही, आणि तेव्हा कबुलीची आठवण होते.

स्टँपविषयी लोकांचा गोंधळ फार. साध्या मालविक्रीचे बिल किंवा पावती यासाठी स्टँप पेपर लागत नाही. पाच हजारांवरच्या रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावायचे, एवढेच. मात्र जंगम मालाचे रीतसर हस्तांतरण खत केले तर महाराष्ट्रात त्यावर किमतीच्या तीन टक्के मुद्रांक शुल्क बसते. ऑक्टोबर २०२४ पासून जे करारनामे शंभराच्या स्टँपवर होत, त्यांपैकी बहुतेक पाचशेवर गेले आहेत, म्हणून लोक डोळे मिटून पाचशेचा घेतात आणि कागद पक्का झाला समजतात. व्यापाऱ्याने जी.एस.टी. लावून दिलेले बिल हे त्याहून मजबूत. माल नागपूरबाहेरून येत असेल तर ई-वे बिलही पुरावाच असते. रोखीबद्दल एवढेच, की एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा.

तारणाची चौकशी आपल्यात कुणी करत नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या टफ्स योजनेत कितीतरी यंत्रे कर्जावर आली. कर्ज फिटेपर्यंत यंत्र मालकाच्या शेडमध्ये चालते, पण त्यावर बँकेचा बोजा असतो. विकणाऱ्याला मूळ खरेदीचे बिल मागावे. यंत्र कर्जावर घेतलेले असेल तर बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्रही मागावे. पत्र देता येत नाही म्हणतो, तर सौदा सोडावा. सरसाई नावाच्या केंद्रीय नोंदवहीत २०१६ पासून यंत्रसामग्रीवरच्या बोजाचीही नोंद होते आणि फी भरून कुणालाही शोध घेता येतो. भाव फारच कमी आणि मूळ बिलाचा पत्ता नाही, असा माल घेऊच नये. चोरीचा आहे असे वाटण्याला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात घेणाराही अडकतो.

आता वाहनाकडे वळतो. इथे मी स्वतः शिकलो, फी भरून. २००९ साली मी माझा जुना टेम्पो एका ओळखीच्याला विकला. इतवारीत चहा घेतला, पैसे घेतले, ट्रान्सफरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. तो म्हणाला, आठ दिवसांत नावावर करतो. तीन वर्षांनी मला अपघात दाव्याची नोटीस आली. टेम्पो तोपर्यंत दोन हात फिरला होता आणि आर.टी.ओ.च्या पुस्तकात मालक मीच होतो. विमा चालू होता म्हणून नुकसानभरपाई कंपनीने दिली. मला तीन वर्षे तारखा आणि वकिलाची फी. विमा संपलेला असता तर दुकान गेले असते. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्टच सांगितले की गाडी किती हातांतून गेली ते अपघातग्रस्ताने शोधत बसायचे नाही. नोंदीत ज्याचे नाव, जबाबदारी त्याची.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे, तो फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, फॉर्म ३०. कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५. आता हे बरेचसे वाहन पोर्टलवर होते. विकणाऱ्याला माझा सल्ला आहे की २९ नंबरचा फॉर्म दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. एम.एच. ३१ असो की ४९, पोच हातात येईपर्यंत गाडी आपलीच समजा. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमाही नावावर करावा. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा असतो. मरहूम वडिलांच्या नावावर दहा-दहा वर्षे चालणारी वाहने आपल्या मोहल्ल्यात किती आहेत, हे वाचकांना माहीत आहे.

विक्रीखेरीज मालकी जाण्याचा आपल्यातला दुसरा मोठा मार्ग म्हणजे हिबा. यात तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि कब्जा देणे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १२९ वे कलम हा नियम तसाच राखते. हिबा तोंडी चालतो, आणि तो नंतर कागदावर उतरवला म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये हफीजा बीबी खटल्यात सांगितले. पण हे वाचून कुणी खूष होऊ नये. कोर्टात हिबा पडतो तो बहुधा कब्जावर. वडिलांनी हिबानामा लिहिला, सहा लूम धाकट्याला दिले, आणि मरेपर्यंत माल विकून पैसे स्वतःच्या खात्यात घेत राहिले, तर दिले काय? हिब्यानंतर लूमचे बिल, जॉबचा हिशेब, कारागिरांची मजुरी हे सगळे धाकट्याच्या नावाने सुरू झाले पाहिजे. चालू दुकानच मुलाला देत असाल तर जी.एस.टी.त शिल्लक क्रेडिट त्याच्या नंबरवर नेण्यासाठी आय.टी.सी.-०२ हा फॉर्म आहे.

आणि आजारी पडेपर्यंत थांबू नये. मृत्यूच्या आजारात, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये केलेला हिबा मृत्युपत्रासारखा मानला जातो. दफनाचा खर्च व कर्ज फेडून उरलेल्या मालाच्या एक तृतीयांशापलीकडे तो चालत नाही, आणि वारसालाच दिला असेल तर हनफी कायद्याप्रमाणे बाकीच्या वारसांची संमती लागते. मेयोच्या वॉर्डात घेतलेल्या अंगठ्यावरून भाऊ भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

मुलीला दिलेल्या वस्तूंचे तर कागद ठेवण्याची चालच नाही. निकाहात दिलेले दागिने, शिलाई मशीन, कपाट यांची बिले मुलीच्या नावाने करावीत आणि यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याचे ३ रे कलम घटस्फोटितेला लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर मिळालेल्या सर्व वस्तूंवर हक्क देते. पण काय मिळाले होते हे सिद्ध करायची वेळ आली की सराफाच्या बिलावर बापाचे नाव निघते आणि यादी कुणाकडेच नसते.

तो तरुण दुसऱ्याच दिवशी ट्रक घेऊन कामठीला गेला. कन्हानजवळ एका नातेवाइकाच्या रिकाम्या खोलीत त्याने लूम उतरवले. उचलताना नंबर पाहून यादी केली तेव्हा तिसऱ्या लूमची मोटर बदललेली निघाली, ठरली होती त्याहून लहान. कारखानदाराने थोडी कुरकुर करून फरक परत दिला आणि ताबा पावतीवर सही केली. लूम अजून तिथेच आहेत. शेडचे पत्रे चढायचे बाकी आहेत.